यंदा टेम्पो उशिरा येईल

चांदवड
२० ऑक्टोबर २०२४

स्नेहल पोरी,

तुमच्या पाड्यावर फोन लागत नाही, आणि तू टेकडीवर चढून लावलास की निम्मं बोलणं वारा खातो. म्हणून हे पत्र. भट्टीवरच्या झोपडीत कंदिलापाशी बसून तू माझ्याकडून बाराखडी गिरवलीस, तिचा उपयोग दोघी आता करून घेऊ.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांचं तोंड त्याहून जास्त. कांद्याची रोपं पावसानं बसली, तरी आमच्या वाट्याला बरी उरली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलीस हे कळलं, फार बरं वाटलं. तुझ्या आईनं तुला पाठीशी बांधून विटा उलटवलेल्या मी पाहिल्यात. आता तू दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस.

एक निरोप आहे. दरवर्षी दिवाळी झाली की हे स्वतः टेम्पो घेऊन तुम्हाला आणायला येतात. यंदा टेम्पो उशिरा येईल. पाऊस लांबल्यामुळे माती अजून ओली आहे. तुझ्या वडलांना, भिकाभाऊंना सांग, घाईनं बोचकी बांधू नका. आम्ही कळवू तेव्हाच निघा.

तुझी आई, आमच्या भागीमावशी, कशा आहेत? भिकाभाऊंची तब्येत? सविस्तर लिही.

तुझी तृप्तीवहिनी

---

उंबरपाडा, ता. सुरगाणा
२९ ऑक्टोबर २०२४

तृप्तीवहिनी,

पत्र मिळालं. पोस्टमन शाळेत ठेवून गेला होता, गुरुजींनी अंगणवाडीत आणून दिलं. माझ्या नावानं पत्र आलं म्हणून पोरं ते बघायला भोवती जमली होती.

उशीर झाला तरी आमची काही हरकत नाही. उलट बरंच आहे. भात कापून पडलाय, नागलीही काढायची आहे. आई म्हणते, शेठना सांग, सवडीनं होऊ द्या. आणि वहिनी, दीपकशेठनी इतक्या लांब घाटातून यायची तसदीही घेऊ नये. रस्ता फार उखडलाय. काही असलं तर मीच कळवीन.

बाबा बरे आहेत. सध्या पाहुण्यांकडे गेलेत.

अंगणवाडीत खिचडी माझ्याकडे असते. पहिल्या दिवशी मीठ विसरले. एकाही पोरानं सांगितलं नाही, सगळ्यांनी खाल्ली. दिवाळीचा फराळ जमला तर करू.

स्नेहल

---

चांदवड
१३ नोव्हेंबर २०२४

स्नेहल,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला ते तुझं वाटलं नाही. 'शेठनी येऊ नये' असं तू कधी लिहिलं नसतंस. पण मीही तुला सरळ लिहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

आता गप्प बसवत नाही. आमचा टेम्पोवाला संतोष परवा नाशिकहून आला. सीबीएसच्या स्टँडवर त्यानं भिकाभाऊंना पाहिलं म्हणे. हातात पिशवी, सोबत तुमच्या पाड्यावरचे बहिरूकाका आणि आणखी एक माणूस. यानं हाक मारली तर भिकाभाऊंनी तोंड फिरवलं आणि गर्दीत शिरले. संतोषनं घरी येऊन सांगितलं, भिका दुसऱ्या भट्टीच्या मुकादमाबरोबर गेला.

हे जेवत होते. ताटावरून उठले. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

आणि यात हसावं की रडावं ते मला कळेना, कारण खरी गोष्ट अशी आहे, पोरी. आम्ही विटांचं यंत्र आणलंय. दसऱ्यालाच आलं. ट्रॉलीवरून उतरवायला अख्खी आळी लोटली होती. वरच्या तोंडातून माती न् राख ओतायची, पाणी सोडायचं. आत पाती फिरतात, चिखल मळतात आणि खालच्या साच्यांत कोंबतात. मग वरून दाब बसतो, आणि चार-चार विटा एकदम पट्ट्यावर बाहेर. कडा अशा की बोट लावलं तर कापेल असं वाटतं. आजूबाजूच्या सगळ्या भट्ट्यांवर यंत्रं आली. हातानं थापलेली वीट आता बिल्डर बघतही नाहीत. हे दोन वर्षं टाळत होते, शेवटी इलाज उरला नाही.

म्हणजे यंदा थापायला कुणीच लागणार नाही. हे भिकाभाऊंना सांगायला हे दोनदा निघाले. एकदा वणीहून परत आले, एकदा तर गाडी सुरूच केली नाही. मला म्हणाले, ज्याच्या हातावर बापाची भट्टी उभी राहिली त्याला येऊ नको कसं म्हणू. म्हणून मी तुला मातीचं खोटं लिहिलं. माती कधीच वाळली आहे.

आता बघ, ज्याला येऊ नको म्हणायचं होतं तो आला नाही, म्हणून हा माणूस रुसून बसलाय. पण हसू नकोस. त्यांना लागलंय ते खरं आहे. भिकाभाऊ दुसरीकडे गेले असतील तर तो त्यांचा हक्क आहे. फक्त खरं काय ते लिही. वडलांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तृप्तीवहिनी

---

उंबरपाडा
२४ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

बाबा कुठल्याही भट्टीवर गेले नाहीत. संतोषभाऊंनी पाहिलं तेव्हा ते नाशिकच्या सरकारी दवाखान्यात भरती व्हायला चालले होते. सोबतचा माणूस मुकादम नव्हता, बाबांना धरून चालवणारे माझे मामा होते.

गेल्या उन्हाळ्यात भट्टीवरून आले तेव्हापासून त्यांचा डावा पाय बधिर व्हायचा. पावसाळ्यात भाताच्या आवणीला वाकले ते वाकलेच राहिले. पाठीचा मणका सरकलाय, शीर दाबली जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झालं. पायात जीव आलाय, आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. पण उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हे कायमचं. म्हणजे विटा थापायच्या नाहीत.

हे तुम्हाला कळवू द्यायला ते तयारच नव्हते. त्यांचं म्हणणं, भिका येत नाही म्हटल्यावर शेठची भट्टी बसेल, ऐन हंगामात माणूस कुठून आणेल तो. म्हणून दिवाळी होऊ दे, मी उभा राहीन, मी जाईन. दवाखान्यात नर्सबाईंना रोज विचारायचे, भट्टीवर कधी जाऊ. संतोषभाऊंना तोंड चुकवलं तेही यासाठीच. शेठ आले आणि त्यांनी बाबांना खाटेवर पाहिलं तर काय, म्हणून मी येऊ नका लिहिलं. ती ओळ बाबांनीच सांगितली होती. तुम्हाला ती माझी वाटली नाही, बरोबरच आहे.

तुमचं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. दाखवावं की नको, जीव वरखाली होत होता. यंत्राचं ऐकून खचतील असं वाटलं. शेवटी काल सकाळी आई भाकरी थापत होती, बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

वाचून झालं. मग बाबा हळूच या कुशीवर वळले.

"म्हंजे भट्टी थांबली नाय?"

मी म्हटलं, नाही.

"विटा पडतात?"

म्हटलं, हो. चार-चार एकदम.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण डोळ्यांच्या कडांतून पाणी गळत होतं आणि चेहरा मात्र मोकळा झाला होता, दुखणं लागल्यापासून तसा पाहिलाच नव्हता. मग आईला म्हणाले, भाकरी दे, भूक लागली. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी आपणहून मागून खाल्लेली ही पहिली भाकरी.

आम्हाला सुटल्यासारखं झालं, ते खरं. पण आई चुलीपाशी बसूनच राहिली. तिला पुढचं दिसत होतं. भट्टी आमच्याविना चालेल, आमचं भट्टीविना कसं चालायचं? बहिरूकाका दिंडोरीकडे द्राक्षबागेवर लागलेत. आईला तिकडचं काम ठाऊक नाही. हे तुमच्यावर टाकायला लिहीत नाही. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिलं.

स्नेहल

---

चांदवड
३ डिसेंबर २०२४

स्नेहल,

पत्र यांच्या हातात दिलं. वाचून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर कच्च्या विटांच्या रांगेपाशी एकटेच बसलेले. मला म्हणाले, तो तिकडे माझ्या भट्टीची काळजी करत पडला होता आणि मी इथं त्याला नावं ठेवत होतो. मग घरात आले, पोटभर जेवले, आणि संतोषला बोलावून असं काही झापलं की तो बिचारा अजून वाकडी वाट करून जातो. त्याचा तरी काय दोष. मीच त्याला चहाला बोलावलं.

पायात जीव आला हे वाचून मी देवापाशी दिवा लावला. बाकी सगळं त्यानंतरचं.

इथलं सांगते. यंत्र चांगलं आहे, पण यंत्राला माणसं टिकत नाहीत. गावातले दोघे ठेवले होते. एकाला आवाज सोसवेना, दुसऱ्याला पहाटेचा गारठा. दोघेही न सांगता गेले. दत्तू म्हणून एक आहे, तो वरून माती ओततो, तेवढा एकच टिकला. पट्ट्यापाशी हे स्वतः उभे राहतात, तर भट्टी रचायला कुणी नाही.

येत्या रविवारी हे तुमच्याकडे निघणार आहेत. आता वणीहून परत येणार नाहीत. रस्ता उखडलाय हे ठाऊक आहे, ते कारण यंदा चालायचं नाही. सासूबाईंनी भिकाभाऊंसाठी डिंकाचे लाडू केलेत. गुडघ्यासाठी स्वतःला केले होते, त्यातले निम्मे काढून दिले. त्यांच्याकडून हे म्हणजे फारच झालं.

तृप्तीवहिनी

---

उंबरपाडा
१९ डिसेंबर २०२४

वहिनी,

शेठ आले, राहिले, गेले. ते तुम्हाला सांगतीलच, पण ते सगळं सांगायचे नाहीत म्हणून मी लिहिते.

गाडी पाड्याखाली ठेवून वर चढून आले. बाबा अंगणात खाटेवर होते, उठायला लागले, शेठनी धावत जाऊन खांदा धरून बसवलं. मग दोघं शेजारी शेजारी बसले. मी चहा दिला, तो निवला. शेवटी शेठ म्हणाले की यंत्र आणण्याआधी तुला विचारायला हवं होतं. बाबा म्हणाले,

"विचारून काय झालं असतं? मी नगं म्हणलो असतो, न् आज तुमची भट्टी माझ्यासंगट खाटेवर पडली असती."

शेठ हसले. मग बाबाही हसले. हसताना पाठीला लागतं म्हणून ते हसू कसंबसं आवरत होते, त्यामुळे आम्हालाच जास्त हसू आलं.

मग शेठ यंत्राचं सांगू लागले. पट्ट्यापाशी दिवसभर उभं राहायला डोकं शांत असलेलं एक माणूस हवं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, विटांवर नजर ठेवायची, वाकडी दिसली की बाजूला काढायची, आणि काही अडलं की बटण दाबून सगळं बंद करायचं. बहिरूकाकांच्या पोरांपैकी कुणी येईल का, असं विचारत होते. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"मी येते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तुम्ही तिला ओळखता. आजवर ती बाबांच्या मागे चिखल मळत आली, उलटवत आली. भट्टीवर काय करायचं ते बाबा आणि शेठ बोलायचे, ती कधी मध्ये बोलली नाही. बाबा म्हणाले, यंत्र हात तोडतं, मी ऐकलंय. तिकडच्या एका भट्टीवर झालंय. आई म्हणाली,

"थापून थापून पाठ मोडली, ती यंत्रानं का?"

शेठनाच अवघड झालं. ते म्हणाले की पट्ट्याला जाळी बसवून घेतो, त्याआधी बोलावणार नाही. शेजारची सिंधुकाकू तिच्या सोबतीला यायला तयार आहे. संक्रांत झाली की दोघी निघतील, होळीला परत. मी अंगणवाडी बघून बाबांचं बघेन.

बाबा तेव्हापासून आईशी नीट बोललेले नाहीत. रागावलेले नाहीत, घाबरलेत. वहिनी, ते दोघं लग्न झाल्यापासून कधी वेगळे राहिलेले नाहीत. एकाच साच्यावर काम. तुम्ही तिच्याकडे बघाल ना?

स्नेहल

---

चांदवड
२८ जानेवारी २०२५

स्नेहल,

आधी हे, की आई सुखरूप आहे. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

आल्या दिवशी भागीमावशींनी यंत्राला हातच लावला नाही. चहूबाजूंनी फिरल्या, खाली वाकून पाहिलं, यांना दहा वेळा चालू करायला लावलं, दहा वेळा बंद. हे वैतागले, पण केलं. जाळी बसवलेली होती, तरी एका कोपऱ्यात हात जाईल एवढी जागा मावशींना दिसली. तिथं दुसऱ्या दिवशी पत्रा मारून घेतला. मग पदर खोचून, वरून यांचा जुना शर्ट चढवून पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केल्याशिवाय दत्तूनं माती ओतायची नाही, असा नेम घालून दिलाय. दत्तू त्यांना मुकादमीण म्हणतो. सिंधुबाई विटा उचलून रांगेला लावतात. हे आता भट्टी रचायला मोकळे.

गेल्या आठवड्यात सकाळी दत्तू वरच्या तोंडाशी अडकलेला दगड काढायला वाकला. थंडीमुळे गळ्यात मफलर होता. त्याचं टोक आत गेलं आणि पात्यांनी ओढून धरलं. मी पाण्याची कळशी घेऊन तिथंच होते, मला ओरडताही आलं नाही. पण तेवढ्यात यंत्र बंद झालं होतं. मावशींचा हात बटणावर. दत्तूच्या गळ्याला नुसता लाल वळ उठला, दुसरं काही नाही. तो खाली उतरला आणि त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला आधी बसवलं, पाणी पाजलं, आणि मग इतकं बोलल्या की मी त्यांच्या तोंडून वर्षभरात तेवढं ऐकलं नसेल. यांनी त्याच दिवशी वरच्या तोंडालाही जाळी करायला टाकली.

त्या रात्री त्या माझ्याजवळ झोपल्या. म्हणाल्या, तिकडं सांगू नको. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, सांग, नाहीतर त्यांना वाटंल मला जमत नाय.

म्हणून लिहिलं. भिकाभाऊंना किती सांगायचं ते तू बघ.

कामात त्यांना कसली अडचण नाही. पण संध्याकाळी यंत्र बंद झालं, सगळं शांत झालं की विचारतात, जेवला असंल का. फोन लावून दिला होता, टेकडीवर तू एकटीच आलीस, भिकाभाऊंना चढवत नाही. त्यांचा काही निरोप असेल तर लिहून पाठव. मी वाचून दाखवीन.

तृप्तीवहिनी

---

उंबरपाडा
९ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

सगळं सांगितलं. मफलरचंही. बाबा कितीतरी वेळ काठीनं जमीन उकरत राहिले, मग म्हणाले, बटण तिच्याकडं हाय ते बरं झालं, माझ्याकडं असतं तर मी आधी ओरडलो असतो. काल शेजारी आले होते त्यांनाही हेच सांगत होते. आता आलेल्या प्रत्येकाला सांगतात.

ते आता काठी घेऊन नदीपर्यंत जाऊन येतात. डॉक्टरांनी मागच्या खेपेला पाय वाकवून पाहिला, आता चार महिन्यांनी या म्हणाले. मी अंगणवाडीत असते तेव्हा वाल सोलतात, कोंबड्यांना ओरडतात.

निरोप हवा होता ना. मी कागद घेऊन बसले तर म्हणाले, मला काय सांगायचं, सांग बरा हाय. मग मी उठायला लागले तेव्हा थांब म्हणाले. ते बोलले तसंच खाली लिहिते. आईला सावकाश वाचून दाखवा.

स्नेहल

"भागी,

मी बरा हाय. पोरगी जेवाया घालते. मीठ जास्त घालते.

तू जेवण टाळू नगं. बटणापाशीच ऱ्हा.

आपण दिवाळीला निघायचो न् ऊन तापल्यावर यायचो. मधलं आपल्याला कधी दिसलंच नाय. सकाळचं धुकं नदीतून वर येतं, घरात शिरतं. सावरीला पान नाय, नुसती लाल फुलं. पोरं भल्या पहाटे बोरं वेचाया जातात, मी दारात बसतो तर मलाबी देतात.

दारातला आंबा आपण लावला. दर साली आलो की त्याला कैऱ्या लटकलेल्या असायच्या. ते सुरू कसं होतं ते आपल्याला ठाऊक नव्हतं. परवा उठलो तर सगळा मोहरलाय. पान दिसत नाय. मधमाशा लय. वास घरात, गोधडीत, पाण्याच्या हंड्यात.

होळीला येशील तवा झडून जाईल. शेठला सांग मी बोलावलंय म्हणून, न् चार दिवस ये. बघून जा."